दुबईच्या लग्नाला जाताना आणि परत येताना: अंगावरचं सोनं, नवा फोन आणि रुखवतातली खसखस

पुण्याच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. त्यांची नणंद अकरा वर्षांपासून दुबईत राहते आणि तिच्या मुलीचं तिकडेच लग्न आहे. ताई, त्यांचे यजमान, सासूबाई, १९ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा असे पाच जण आठ दिवसांसाठी निघाले आहेत. सासूबाई नातीच्या लग्नाला आपले चौदा तोळे घालून जाणार. ते परत आणताना मुंबईला कस्टमवाले अडवतील का, ही पहिली काळजी. दुसरा प्रश्न सोनं आणण्याचा: बायकांना ४० ग्रॅम माफ असतं म्हणतात, तर आम्ही तिघी मिळून बारा तोळे आणू शकतो का? शिवाय मुलीला नवा फोन, यजमानांना बाटल्या, मुलाला ड्रोन. आणि रोख किती न्यायची?

मी बावीस वर्षं मुंबईत कस्टम्सच्या प्रकरणांची वकिली करते. त्यातली बरीचशी प्रवाशांच्या सामानाची असतात. म्हणून ताई, सगळं सविस्तर सांगते, आणि सुरुवात तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून करते. सोन्यात चूक झाली तर पैसे जातात. इथे चूक झाली तर माणूस कोठडीत जातो.

लग्न म्हणजे रुखवत आलं. रुखवतात अनारसे आले, करंज्या आल्या, डिंकाचे लाडू आले. या तिन्हींत खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. तिथे ती अफूच्या बिया म्हणून ओळखली जाते, मसाल्याचा जिन्नस म्हणून नाही. अनारशावर चिकटलेली असो, करंजीच्या सारणात भाजून घातलेली असो की पुडीत बांधलेली असो, न्यायची नाही. अनारसे न्यायचेच असतील तर खसखशीशिवाय थापा, तीळ लावा. लाडूत घालूच नका. गरम मसाला घरचा असेल तर त्यात खसखस पडली आहे का ते करणाऱ्या बाईला विचारून घ्या. सिंगापूरलाही हीच बंदी आहे, तेव्हा तिकडे कुणी नातेवाईक जाणार असतील तर त्यांनाही सांगा.

दुसरी गोष्ट सासूबाईंच्या गोळ्या. वयस्कर माणसांच्या डब्यात हमखास सापडणारी काही औषधं तिकडे नियंत्रित यादीत आहेत: झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलेलं अल्प्राझोलम, पायांच्या जळजळीवर दिलेलं प्रीगाबालिन, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. आपल्याकडे डॉक्टर ती सहज लिहून देतात, त्यामुळे आपल्याला त्यात काही गंभीर वाटत नाही. जाण्याआधी सगळ्या गोळ्यांची नावं, म्हणजे ब्रँडची नव्हे तर आतल्या औषधाची, एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा. नियंत्रित यादीतलं काही असेल तर अमिरातीच्या सरकारी संकेतस्थळावरून आधी परवानगी घेता येते. डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, गोळ्या मूळ पट्टीतच, आणि लागतील तेवढ्याच. सोमवार-मंगळवारच्या खणांच्या डबीत सुट्या गोळ्या भरून नेऊ नका. त्या डबीतली पांढरी गोळी कसली, हे समोरच्याला कळायला काही मार्ग नसतो.

आता सोनं.

जाताना अंगावर किती सोनं न्यावं यावर भारतीय कस्टम्सची मर्यादा नाही. ते प्रवाशाचं खरंखुरं वैयक्तिक सामान असलं म्हणजे झालं. अडचण परतताना येते. समोरचा अधिकारी तुम्हाला पहिल्यांदाच पाहत असतो, विमान दुबईहून आलेलं असतं आणि तुमच्या अंगावर चौदा तोळे असतात. हे इथूनच नेलं होतं हे दाखवायची जबाबदारी तुमची. ते दाखवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे जातानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेणं. प्रस्थानाच्या बाजूला कस्टम्सचा कक्ष असतो. तिथे दागिने दाखवायचे, यादी आणि वजन द्यायचं, ते पडताळून शिक्का मारून कागद देतात. परतताना तोच कागद दाखवला की विषय संपतो. यासाठी एक तास जास्तीचा ठेवा, आणि दागिने अंगावर किंवा हातातल्या पिशवीत असू द्या. मोठ्या बॅगेत टाकून ती बॅग चेक-इनला देऊन बसलात तर दाखवणार काय?

या प्रमाणपत्राची तयारी घरूनच करा. सरकारमान्य मूल्यमापकाकडून दागिन्यांची यादी करून घ्या, त्यात प्रत्येक नगाचं वजन, कॅरट आणि वर्णन हवं. 'सोन्याचा हार, १ नग' असं लिहिलेली यादी निरुपयोगी. 'मोहनमाळ, तीन पदरी, मागे लाल गोंडा, ४२.३ ग्रॅम' असं असेल तर ती कागदावरही ओळखू येते. प्रत्येक दागिन्याचा जवळून फोटो घ्या. दुकानाची पावती असेल तर उत्तम. सासूबाईंच्या पाटल्यांची पावती कुठून मिळणार, हे मला कळतं. पण जुन्या लग्नातले, बारशातले, मुंजीतले फोटो घरात असतात, त्यात त्याच पाटल्या दिसतात. ते फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

अलीकडे घेतलेल्या दागिन्यांवर आणखी एक भक्कम पुरावा असतो आणि फार कमी लोकांना तो ठाऊक असतो. भारतात जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि त्यासोबत प्रत्येक नगाला स्वतंत्र सहा अक्षर-अंकांचा क्रमांक आला, त्याला एचयूआयडी म्हणतात. बांगडीच्या आतल्या बाजूला किंवा साखळीच्या कडीजवळ भिंग धरून पाहा: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये क्रमांक टाकला की दागिना कुठल्या प्रकारचा, कुठल्या सराफाने हॉलमार्क करून घेतला ते येतं. दागिना भारतात विकला गेला हे सांगणारा असा सरळ पुरावा दुसरा नाही. नुसता ९१६ हा आकडा मात्र काहीच सिद्ध करत नाही, तो दुबईच्या सोन्यावरही असतो.

पावतीही नाही, हॉलमार्कही नाही, असं झालं तर काय, याचं एक उदाहरण सांगते. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एक आजी आखाती देशातल्या मुलाकडे महिनाभर राहून परतल्या. हातात चार पाटल्या. प्रमाणपत्र नाही, पावती नाही. एका विमानतळावर त्यांना बाजूला बसवलं, पाटल्या काढा म्हणाले. त्या निघेनात. साबण लावला तरी निघेनात. एक महिला अधिकारी आली, तिने आजींचा हात हातात घेतला आणि पाटली थोडी वर सरकवली. खाली मनगटावर गोरा, खोलगट वळ होता, चाळीस वर्षांचा. पाटलीची आतली कड झिजून कागदासारखी पातळ झालेली. तिने वरिष्ठांना बोलावून ते दाखवलं आणि आजींना सोडून दिलं. पण त्या आधी दोन तास आजी रडत होत्या, आणि बाहेर मुलगी फोन लावत होती तो लागत नव्हता. समोरची अधिकारी जाणती निघाली म्हणून ते निभावलं. तुमच्या सासूबाईंना त्या बाकावर बसावं लागू नये, म्हणून एवढं कागदांचं सांगते आहे.

अमिरातीतही एक कागद तयार होतो, तो जपून ठेवा. तिथे ६०,००० दिरहमपेक्षा जास्त किमतीची रोकड, मौल्यवान धातू किंवा रत्नं घेऊन येणाऱ्याने ते जाहीर करायचं असतं. चौदा तोळे आजच्या भावात या आकड्याच्या वर जाऊ शकतात. अंगावरचेच दागिने आहेत, वापरातले आहेत, तरी मी माझ्या लोकांना ते जाहीर करायला सांगते. हा कर नाही, नुसती नोंद आहे. आणि दुबईत शिरतानाच हे सोनं तुमच्याजवळ होतं हे सांगणारा तारखेचा कागद परतताना तुमच्या उपयोगी पडतो.

आता चाळीस ग्रॅमचा प्रश्न. हा गैरसमज इतका पसरला आहे की दर दिवाळीनंतर आणि दर मे महिन्यानंतर त्यात सापडलेली चार कुटुंबं तरी माझ्याकडे येतात. बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम दागिने विनाशुल्क, हे खरं आहे. पण कुणाला? एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्याला. आठ दिवसांच्या सहलीला गेलेल्याला ही सवलत नाही. तिघी बायका मिळून बारा तोळे नाहीत, आणि एकटीचे चारही नाहीत. तुमच्या नणंदेला ती आहे, कारण ती अकरा वर्षं तिकडे राहते. ती भारतात येताना स्वतःचे ४० ग्रॅमपर्यंतचे दागिने आणू शकते, तिचे यजमान २० ग्रॅमपर्यंत.

या सवलतीत २ फेब्रुवारी २०२६ पासून एक चांगला बदल झाला. आधीच्या २०१६ च्या नियमांत वजनासोबत किमतीची अटही होती: पुरुषाला ५० हजार, बाईला एक लाख. हे रुपयांचे आकडे २०१३ चे, तेव्हाच्या भावाशी ते साधारण जुळत होते. नंतर सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं आणि ४० ग्रॅमची सवलत प्रत्यक्षात एका तोळ्याचीही उरली नाही. लोक वजन मोजून यायचे आणि किमतीत अडकायचे. नव्या नियमांत किमतीची अट काढली, आता फक्त वजन पाहतात. ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

वजनाचं निघालं म्हणून तोळ्याबद्दलही सांगते. आपले सराफ आता दहा ग्रॅमला तोळा म्हणतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि दुबईच्या बाजारात 'टेन तोळा बार' म्हणतात तो याच जुन्या तोळ्याचा, म्हणजे ११६ ग्रॅमच्या वरचा. 'चार तोळे' असं तोंडी ठरवून घेतलेलं सोनं जुन्या हिशेबाने साडेशेचाळीस ग्रॅम भरतं. तेव्हा बोलणं, बिल आणि यादी तिन्ही ग्रॅममध्ये ठेवा. ही सवलत दागिन्यांची आहे. बिस्किट, नाणं, वळं तिच्यात बसत नाही.

मग तुम्हाला दुबईतून सोनं आणताच येत नाही का? येतं, शुल्क भरून. पण हिशेब आधी करा. सामानातून आलेल्या शुल्कपात्र वस्तूंवर दर ३५ टक्के, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून ३८.५ टक्के. समजा पाच लाखांची साखळी घेतली तर शुल्क १,९२,५०० रुपये. भारतात येणाऱ्या सोन्यावरचं आयात शुल्क जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, त्यामुळे दुबईच्या आणि पुण्याच्या भावातली तफावत तेव्हाच बरीच आटली. सहलीला गेलेल्याने शुल्क भरून दुबईचं सोनं आणणं म्हणजे पुण्यात जाऊन जास्त पैसे मोजून तेच सोनं घेण्यासारखं आहे. नणंदेकडून आहेर म्हणून एखादी अंगठी मिळाली तर ती जाहीर करा, लागेल ते भरा. मुद्दाम विकत घेऊन आणण्यात काही अर्थ नाही.

सहा महिन्यांहून जास्त राहून परतणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. भारतीय पासपोर्टचे किंवा भारतीय वंशाचे असे प्रवासी परकीय चलनात शुल्क भरून सवलतीच्या दराने एक किलोपर्यंत सोनं आणू शकतात. मधल्या काळातल्या भारतभेटी मिळून तीस दिवसांच्या आत हव्यात, आणि खडे-मोती जडवलेले दागिने त्यात धरत नाहीत. तुमच्या कामाचं नाही, पण नणंदेला सांगून ठेवा.

आणि ताई, एक गोष्ट हात जोडून सांगते. दुबईच्या विमानतळावर किंवा लग्नाच्या हॉलमध्ये कुणीतरी ओळखीचा, अर्ध्या ओळखीचा, गावाकडचा माणूस जवळ येईल. 'वहिनी, एवढी चेन फक्त गळ्यात घाला, मुंबईला माझा भाऊ बाहेर उभा आहे, तो घेईल.' कधी चेन असते, कधी खजुराचं खोकं, कधी इस्त्री नाहीतर मिक्सर. घेऊ नका. नातं कितीही जवळचं सांगितलं तरी घेऊ नका. माझ्याकडे आलेल्या तरुण मुलांपैकी कित्येकांनी कुठलाच लोभ धरला नव्हता, त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं एवढंच. कस्टम्सच्या दृष्टीने सोनं ज्याच्या अंगावर त्याचं. बाहेर उभा असलेला भाऊ बातमी कळताच नाहीसा होतो, आणि चौकशी, जबाब, दंड, तारखा हे सगळं या मुलाच्या नशिबी. पुढे तो जेव्हा जेव्हा परदेशातून येतो तेव्हा त्याला बाजूला घेतात, ते वेगळंच. तुमच्या मुलीचं वय १९ आहे. तिला हे निघण्याआधी घरी बसवून सांगा.

फोनकडे वळू. २ फेब्रुवारी २०२६ पासून विमानाने येणाऱ्या भारतीय रहिवाशाला ७५,००० रुपयांपर्यंतचं सामान विनाशुल्क आणता येतं. आधी ही मर्यादा ५०,००० होती. परदेशी वंशाच्या पर्यटकाला २५,०००. वापरातले कपडे आणि वैयक्तिक वस्तू यात मोजत नाहीत. ७५,००० ही रक्कम दर माणशी आहे आणि ती एकत्र करता येत नाही, याच ठिकाणी लोक चुकतात. पाच जण आहोत म्हणजे पावणेचार लाखांचं एक मोठं यंत्र आणू, असं नाही. १,१०,००० रुपयांचा एक फोन असेल तर ७५,००० वजा जाऊन ३५,००० वर ३८.५ टक्के, म्हणजे १३,४७५ रुपये भरावे लागतील. त्यातले निम्मे मुलीच्या नावावर, निम्मे आईच्या, असं होत नाही, कारण एक फोन दोन माणसांचा नसतो. उलट ६०,००० चे दोन फोन दोघींनी एकेक आणले तर काहीच लागत नाही. लॅपटॉप १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला एक, या मर्यादेच्या बाहेर, विनाशुल्क. मुलीला लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर तिच्याच हातात येऊ द्या.

दुकानदार कमी रकमेचं बिल करून देतो म्हणेल. नका घेऊ. त्या मॉडेलची किंमत अधिकाऱ्याला फोनवर दोन मिनिटांत दिसते, आणि खोटं बिल एकदा पुढे केलं की तुमच्या बाकी खऱ्या बोलण्यावरही विश्वास राहत नाही. आणखी एक गोंधळ आहे: वैयक्तिक वापराच्या मालावरचा दर २० वरून १० टक्के झाला, असं २०२६ च्या बजेटनंतर सगळीकडे छापून आलं. तो दर टपालाने किंवा हवाईमार्गे मागवलेल्या पार्सलांचा आहे. बॅगेतून आणलेल्या वस्तूंना तो लागत नाही.

बाटल्यांचं सोपं आहे. माणशी दोन लिटर, आणि त्यांची किंमत ७५,००० मध्येच धरली जाते. मुंबईला उतरल्यावर ड्युटी फ्री दुकानातून घेतलेल्या बाटल्याही त्याच दोन लिटरमध्ये येतात. दुबईत दोन घेतल्या आणि मुंबईत आणखी दोन, असं केलं की चार झाल्या. सिगारेटी शंभर कांड्या. ई-सिगारेट अजिबात नाही, २०१९ च्या कायद्याने तिच्या आयातीवर बंदी आहे. मोठा टीव्ही ऑगस्ट २०१३ पासून विनाशुल्क मर्यादेच्या बाहेर काढलेला आहे, त्याचा विचार सोडा.

मुलाच्या ड्रोनला माझं उत्तर नाही असंच आहे. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आयात करण्यावर बंदी आहे, संशोधन, संरक्षण अशा थोड्या कारणांचा अपवाद सोडून. खेळण्यांच्या दुकानात मिळाला तरी तो विमानतळावर काढून घेतला जाईल, आणि मूल समोर उभं असेल.

रोख: भारतीय नोटा माणशी २५,००० पर्यंत नेता-आणता येतात. परकीय चलनाच्या नोटा जाताना साधारणपणे माणशी ३,००० डॉलरइतक्या, बाकी कार्डावर ठेवा. परतताना नोटा ५,००० डॉलरच्या वर किंवा सगळं मिळून १०,००० डॉलरच्या वर असेल तर जाहीर करायचं.

आता परतीचा दिवस. पट्ट्यावरून बॅगा उचलल्यावर दोन वाटा असतात, हिरवी आणि लाल. हिरव्या वाटेने चालत जाणं हीच 'माझ्याकडे शुल्क लागेल असं काही नाही' अशी घोषणा असते. तोंडाने काही बोलला नाहीत तरी चालत गेलात की ती झाली. कायद्याच्या दृष्टीने सगळा फरक इथे पडतो. तेच सोनं, तोच फोन लाल वाटेवर दाखवला तर शुल्काचा हिशेब होतो. हिरव्या वाटेवर सापडला तर जप्ती आणि दंडाचं प्रकरण होतं. प्रमाणपत्र असलेल्या दागिन्यांबाबतही सासूबाईंना घेऊन लाल वाटेने जा, कागद पुढे करा आणि शांतपणे सांगा. फार तर अर्धा तास जाईल. आधीच घोषणा भरायची असेल तर कस्टम्सचं 'अतिथी' नावाचं अ‍ॅप आहे, दुबईतूनच भरून ठेवा.

आणि तरीही अडवलंच तर? घाबरून भराभर सह्या करू नका. महिलेची अंगझडती फक्त महिलाच घेऊ शकते. झडतीआधी राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर न्या, असं मागण्याचा हक्क कस्टम्स कायद्याच्या कलम १०२ ने दिलेला आहे. दागिने ठेवून घेतले तर त्याची पावती मिळाली पाहिजे आणि तिच्यावर प्रत्येक नग, वजन आणि वर्णन हवं. 'सोन्याचे दागिने, एकूण इतके ग्रॅम' असं लिहिलं असेल तर नम्रपणे थांबवा, नगवार लिहून घ्या. तुमच्याकडची मूल्यमापकाची यादी तेव्हा कामी येते, सरळ तिच्यावरून उतरवता येतं.

बऱ्याचदा एक छापील कागद पुढे येतो: मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको. लवकर सुटका होईल या आशेने लोक सही करतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अशा छापील सहीच्या आधारे नोटीस आणि सुनावणी टाळता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं. तुम्ही सहीच करू नका, म्हणजे पुढचा वाद वाचतो. जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते, कारणं नोंदवून हा काळ आणखी सहा महिने वाढवता येतो. ती मिळाली नाही तर वस्तू परत मागता येते. आदेश विरोधात गेला तर साठ दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जायचं. सामानाच्या प्रकरणात त्यानंतर न्यायाधिकरण नसतं, केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासा असा अर्ज, असतो. वापरातले स्वतःचे दागिने आणि तस्करीचं सोनं यांतला फरक न्यायालयं मानतात, सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये तो मान्य केला. पण तिथवर पोचायला वर्षं जातात, आणि तोवर सासूबाईंची मोहनमाळ कुठल्यातरी तिजोरीत सीलबंद पडून राहते.

नणंद पुढे कधी भारतात आली आणि तिच्याकडे ४० ग्रॅमहून जास्त सोनं असलं, तर तिला शुल्क न भरताही मार्ग आहे. खरी घोषणा करून ते सोनं कस्टम्सच्या ताब्यात ठेवायचं आणि परत जाताना घ्यायचं. कलम ८० ची ही सोय आहे, पण ती फक्त आपणहून जाहीर करणाऱ्याला मिळते. परतीचं विमान ज्या विमानतळावरून आहे तिथेच सोनं ठेवलेलं बरं, आणि घ्यायला जाताना तीन-चार तास हाताशी हवेत. ती पावती हरवली तर फार धावपळ होते, म्हणून मिळाल्या मिळाल्या तिचा फोटो काढून घरच्या दोघातिघांना पाठवून ठेवायला सांगा.